लाल वही, काळी वही

दुकानात नवीन माणूस आला की अण्णा आधी खुर्ची पुढे करत, मग पाण्याचा पेला, आणि मग ठरलेलं वाक्य. "रस्त्यात भेटलात तर मी तुम्हाला ओळख दाखवणार नाही. राग मानायचा नाही." बरेच जण हसत. काहींना मात्र तिथेच हुंदका फुटे. इतके दिवस कोणीतरी हेच म्हणावं म्हणून ते थांबलेले असत.

अण्णा केसांचे टोप करत. नाटकवाल्यांचं काम त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. आता त्यांच्याकडे यायची ती आजारात केस गेलेली माणसं, भाजलेली, चाई लागून डोक्यावर चट्टे पडलेली. डोक्याच्या मापाची जाळी बेतायची आणि वाकड्या टोकाच्या सुईने तिच्यावर एकेक केस गाठ मारून बसवायचा. एका टोपाला दोन-अडीच महिने लागत. भिंतीवरच्या फळीवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली, प्रत्येकाच्या मानेवर आकडा. दुकानात नावाने बोलायचं नाही, आकड्याने बोलायचं. "ब्याण्णवचा भांग थोडा डावीकडे घे," असं अण्णा सुनेला सांगत, आणि बाहेर बसलेल्या माणसाला वाटे, शिंप्याकडे आलोय की काय आपण!

वह्या दोन होत्या. लाल वहीत नाव, पत्ता, फोन आणि आकडा. काळ्या वहीत तोच आकडा, डोक्याची मापं, केसांचा रंग आणि अण्णांच्या मुंगीएवढ्या अक्षरात दोन ओळी: काय झालं, घरात कोणाला ठाऊक आहे, कोणाला नाही. काळी वही खाली दुकानात, लाल वही माडीवर लोखंडी पेटीत. चाळीस वर्षांत त्या दोघी एका टेबलावर आल्या नव्हत्या. "काळी चोरली तर चोराला मापं मिळतील, लाल चोरली तर नुसती नावं," अण्णा म्हणत, "करून करून करणार काय तो?"

सूनबाई या घरात आली त्याला बारा वर्षं झाली होती. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. तेव्हा दुकान म्हणजे सासरा आणि सून. तिने काम असं उचललं की अण्णांचा हात थरथरायला लागला तेव्हा गिऱ्हाइकाला पत्ताही लागला नाही. हुशार होती, धडपडी होती, आणि एका बाबतीत सासऱ्याहून घाईची होती. हे तिच्या तोंडावर बोललं तरी ती नाकारायची नाही.

टोप दर सहा महिन्यांनी धुवावा लागतो, ढिल्या गाठी आवळाव्या लागतात. लोक विसरत. एका कारकुनाची कपाळाजवळची कड भर कचेरीत सुटली. तो बिचारा दुकानात येऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता. सूनबाईने त्या दिवशी ठरवलं: वेळ आली की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जाईल असं काहीतरी कम्प्युटरवर करून घ्यायचं. हेतू अगदी चांगला होता हो. सगळं चांगल्या हेतूनेच झालं.

काम करणारा तिला इंटरनेटवर मिळाला. दुसऱ्या गावचा, कधी न पाहिलेला, फोनवर मात्र अदबशीर.

"फ्रीलान्सर आहे, अण्णा. म्हणजे नोकरी कोणाचीच नाही. घरी बसून दहा जणांची कामं करतो."

"म्हणजे आज आपला, उद्या आणखी कोणाचा."

"आपण तरी काय वेगळे आहोत?"

अण्णांना हसू आलं. "खरं आहे. मग त्याला विचार, तुझी लाल वही कुठे ठेवतोस म्हणून."

तिने विचारलं नाही. उलट त्यानेच विचारलं, "ताई, करारबिरार काही लिहून हवा का? तुमची माहिती बाहेर देणार नाही वगैरे?" आणि सूनबाई काय म्हणाली, तर "अहो, कशाला! विश्वास आहे." कागद मागितला तर समोरच्याला वाईट वाटेल, एवढंच तिच्या डोक्यात. आपल्याकडे माणूस पाहुण्यालाही हात धू म्हणायला संकोचतो, तशातली गत.

वह्या कम्प्युटरवर चढवायला तीन आठवडे गेले. दुपारी अण्णा पडले की ती पेटीतून लाल वही खाली आणायची आणि काळीच्या शेजारी उघडायची. दोन वेगळे तक्ते करायचे तर दर वेळी आकडा जुळवत बसावं लागणार. तिने एकच केला. नाव, पत्ता, फोन, आकडा, मापं, आणि शेवटच्या रकान्यात अण्णांच्या त्या दोन ओळी, जशाच्या तशा. पुढे करू वेगळं, असं म्हणाली मनाशी.

एकदा जेवताना अण्णांनी विचारलं, "कम्प्युटरवर दोन्ही वेगळ्याच ठेवल्यास ना गं?"

"हो हो," ती म्हणाली आणि त्यांना आणखी वाढलं.

मग फ्रीलान्सरचा निरोप आला: "ताई, खरी यादी पाठवू नका. दहा-वीस खोट्या ओळी करून द्या, नावं कोणतीही चालतील. प्रोग्रॅम तेवढ्यावर तपासता येतो." सूनबाई खोटी माणसं बनवायला बसली. चार झाली. पाचव्याला नाव सुचेना, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. खुर्ची द्यायला उठता उठता तिने अख्खी यादी पाठवून दिली. एकशे चौतीस माणसं, एका बटणाने.

प्रोग्रॅम झकास झाला, त्यात खोट काढायला जागा नाही. निरोप वेळेवर जायला लागले, माणसं वेळेवर यायला लागली, आणि सूनबाई मनातून फुलून गेली.

आता एकशे सतरा नंबरबद्दल सांगायला हवं.

एकशे सतरा म्हणजे वाचनालयातल्या बाई. चाळिशीच्या, शांत, पुस्तकाला हात लावण्याआधी पदराला बोटं पुसणाऱ्या. उपचार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आल्या त्या स्वतःची लांब वेणी वर्तमानपत्रात गुंडाळून. पुडकं टेबलावर ठेवून म्हणाल्या, "काका, माझेच केस मला परत करायचे."

अण्णांनी वेणी उलगडून पाहिली. "कोणाला कळू द्यायचं नाही?"

"आईला. घरात आम्ही दोघीच. माझी थोरली बहीण याच आजाराने गेली, आईच्या मांडीवर. डॉक्टर म्हणतात मी बरी होईन, वर्ष-दीड वर्ष लागेल. तेवढं काढायचंय. आत्ता ती गावाला गेलीय, तीन महिन्यांनी येईल, त्याआधी टोप हवा. आईचं हृदय नाजूक आहे, आणि..." त्या थांबल्या. "दर रविवारी ती माझी वेणी घालते. लहानपणापासून. तिला दुसरं काही नको असतं."

"नजर कशी आहे त्यांची?"

"मोतीबिंदू. पण बोटांना सगळं दिसतं तिच्या."

अण्णांनी तो टोप सुनेच्या हाती दिला नाही. कापऱ्या हाताने, भिंग लावून, अकरा आठवडे स्वतः बसले. बाईंचे केस कमी पडले तिथे त्याच जातीचे शोधून आणले. कपाळावरची बारीक लव, मानेवरची उलटी भोवरी, सगळं तसंच केलं. फणी ओढली तरी हलू नये म्हणून जाळीला दुहेरी शिवण घातली. आणि काळ्या वहीत लिहिलं: "आई दर रविवारी वेणी घालते. थोरली याच आजाराने गेली. आईला कळता कामा नये. घरी फोन करू नये."

तेरा रविवार गेले. बाई अधूनमधून दुकानात येत, सांगत, "काका, परवा आई म्हणाली, केस छान धरलेत हो तुझे." अण्णा दिवसभर गुणगुणत राहत.

चौदाव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, बाई आल्या आणि खुर्चीवर बसल्या नाहीत. पिशवीतून एक छापलेला कागद काढून त्यांनी अण्णांच्या पुढ्यात ठेवला.

अण्णांनी भिंग घेतलं. कागदावर कम्प्युटरच्या पडद्याचं चित्र होतं. एकशे अकरा ते एकशे तेवीस, तेरा ओळी. बरोबर मध्यावर बाईंचं नाव, घराचा पत्ता, आणि त्याच ओळीच्या टोकाला अण्णांचे स्वतःचे शब्द. घरी फोन करू नये. भिंग त्या ओळीवर थांबलं ते हलेचना.

"माझी मामेबहीण शिवणकामाचा धंदा करते," बाई सांगू लागल्या. आवाज चढला नव्हता. "तिला कम्प्युटरवर हिशेबाचं काही करून हवं होतं, म्हणून इंटरनेटवर माणूस शोधत होती. एका माणसाने आपण केलेली कामं दाखवायला चित्रं लावली होती, त्यात हे. तिने माझं नाव वाचलं. तिचा तरी काय दोष? रडत रडत धावत आली बिचारी, दारातच गळ्यात पडली. म्हणाली, 'एवढं मोठं दुखणं एकटीने सोसलंस!' मागे आई उभी होती."

सूनबाईच्या हातातली सुई खाली पडली. कोणी उचलली नाही.

"अण्णा..." ती म्हणाली.

"दोन्ही वेगळ्या ठेवल्या होत्यास ना?"

तिने मान खाली घातली. अण्णांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"मला एवढंच सांगा," बाई सूनबाईकडे वळल्या, "हे किती जणांनी बघितलंय?"

सूनबाईने तिथेच फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. फ्रीलान्सर पहिल्या वाक्याला गडबडला, दुसऱ्याला त्याचा आवाज बसला. चित्र त्याने बोलता बोलता काढून टाकलं. "ताई, माझं चुकलं. नावं पुसायला हवी होती मी, पडदा छान दिसत होता म्हणून तसाच लावला. एक्केचाळीस दिवस होतं ते. किती जणांनी पाहिलं, कोण जाणे."

"आणि यादी? यादी तुमच्याकडेच आहे ना?"

"तक्त्याचं थोडं काम मी एका मित्राला दिलं होतं. त्याला पुसायला सांगतो. माझ्याकडची आत्ता पुसतो. पण त्याने आणखी कुठे ठेवली असेल तर..." आणि मग अगदी हळू, आरोप म्हणून नाही, पोटात होतं ते ओठावर आलं इतकंच, "ताई, मी तुमच्याकडे खोटी नावं मागितली होती हो."

मागितली होती. निरोप तिच्या फोनवर तसाच होता. लिहून काही घेतलं असतं तर आज त्याला, त्याच्या मित्राला कशात तरी बांधता आलं असतं. आता त्याच्या भल्या मनावर भिस्त ठेवायची, दुसरं होतं काय तिच्या हातात?

"म्हणजे माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"नाही, ताई," सूनबाई म्हणाली. "माहीत नाही. आणि ते मला कधीच सांगता येणार नाही. चूक माझी आहे. यादी मी एकत्र केली, मीच पाठवली. अण्णांना मी खोटं सांगितलं."

बाईंनी मान हलवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सूनबाईला वाटून गेलं.

"आई कशा आहेत?" अण्णांनी विचारलं.

"दवाखान्यात न्यावं लागलं नाही, तेवढं नशीब. रडलीही नाही. रविवारी मी नेहमीसारखी फणी घेऊन तिच्यापुढे बसले. म्हटलं, आता तिला ठाऊक आहे, तरी वेणी तर घालेल. तिने फणी हातात घेतली आणि परत दिली. म्हणाली, 'नको गं. तुला दुखेल.'" बाईंचा आवाज इथे पहिल्यांदा तुटला. "तेव्हापासून हात लावत नाही. माझ्याकडे बघते ती थोरलीकडे बघायची तशी. मी बरी होतेय, काका. डॉक्टरचे कागद वाचून दाखवले. तिला खरं वाटत नाही. म्हणते, केसही खरेच आहेत असं तू भासवत होतीस."

दारापर्यंत गेल्यावर त्या वळल्या. "तुमचा टोप तेरा रविवारांत एकदाही हलला नाही, काका. ते सांगायचं राहिलं होतं."

संध्याकाळी दुकानाचं शटर खाली ओढताना अण्णा एवढंच म्हणाले, "चुकतं माणसाचं. मीही चुकलोय. पण मी विचारलं होतं, आणि तू हो म्हणालीस." सूनबाई जमिनीवर बसून ढसाढसा रडली. त्यांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "ऊठ. त्या चित्रात आणखी बारा जण आहेत."

"त्यांना सांगायचं? अण्णा, त्यांना कळलंही नसेल. सांगितलं तर आपल्याकडे पुन्हा कोण येईल?"

"नसेल कळलं. पण दारात कोण येऊन गळ्यात पडेल ते त्यांना आधी कळायला नको?"

"आणि बाकीचे? यादीत तर सगळेच..."

"सगळेच. आधी हे बारा."

फोन करायची सोय नव्हती. निम्म्यांपुढे अण्णांनीच लिहून ठेवलं होतं, फोन नको. दारात जायचं तर घरचे विचारणार, आपण कोण? मग सूनबाई रोज दुपारी बाहेर पडू लागली आणि एकेकाला एकटं गाठू लागली. कोणाला बसथांब्यावर, कोणाला कचेरीच्या जिन्यात. हात जोडायची, आणि झालं ते सांगायची, काही वगळायची नाही. एका बाईने अर्ध्यातच पाठ फिरवली. तो कड सुटलेला कारकून पांढराफटक पडला, दुसऱ्या दिवशी टोप पिशवीत घालून दुकानाच्या कडीला अडकवून गेला. आत चिठ्ठीसुद्धा नव्हती. एक पोरगेलीशी मुलगी म्हणाली, "बरं झालं तुम्ही सांगितलंत, मी आजच नवऱ्याला सांगते, दुसरीकडून कळण्यापेक्षा," आणि उलट सूनबाईचाच हात दाबून गेली. त्या दिवशी सूनबाईला घरी चालत यायला फार वेळ लागला.

बारा झाले, मग उरलेले. अर्ध्याहून जास्त माणसं परत आली नाहीत. फळीवरच्या लाकडी डोक्यांवर धूळ बसू लागली, ती अण्णा रोज पुसत. कम्प्युटरवरचा प्रोग्रॅम राहिला, पण आता त्यात आकडा आणि तारीख, एवढंच. कोणाला निरोप द्यायचा ते माडीवर जाऊन लाल वहीत बघायचं आणि स्वतः सांगायचं. नवीन कोणाकडून काही काम करून घ्यायचं झालं तर सूनबाई आधी कागद पुढे ठेवते, सही घेते, आणि वीस खोटी माणसं बसून बनवते, प्रत्येकाला नाव, पत्ता, दुखणं. समोरच्याला वाईट वाटलं तर वाटू देते.

तीन महिन्यांनी तिला वाचनालयातल्या बाई दिसल्या. बाजारपेठेच्या रस्त्यावर, भर दुपारी. बरोबर आई, काठी टेकत, लेकीचा दंड धरून. बाईंच्या डोक्यावर टोप नव्हता, रुमालही नव्हता. बोटभर केस उगवले होते, आखूड, काळेभोर, उन्हात चमकत होते. सवयीने सूनबाईची नजर समोरच्या रंगाच्या दुकानाच्या पाटीवर गेली. अण्णांचा नियम. ओळख दाखवायची नाही.

पावलं तिच्याजवळ येऊन थांबली.

"अहो, बघा की इकडे," बाई म्हणाल्या. "आता कोणापासून लपवायचंय?"

सूनबाईने पाटीवरून डोळे काढले. "केस छान आलेत, ताई," ती कशीबशी म्हणाली.

"परवाचा रिपोर्टही चांगला आला."

"कोण गं?" आईने विचारलं.

"टोपाच्या दुकानातल्या, आई. माझी वेणी यांच्याकडेच केली होती."

म्हातारीने धुरकट डोळे वर केले. काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला. तो सूनबाईच्या खांद्याला लागला, मग मानेला, मग पाठीवरच्या वेणीला. बोटं वेणीच्या पेडांतून हळूहळू वर सरकत गेली, अगदी मुळापर्यंत, आणि तिथे थांबली. म्हातारीने एक केस चिमटीत धरून जरासा ओढून पाहिला.

"हे तरी तुझेच ना, पोरी?"

"हो, आजी," सूनबाई म्हणाली. "माझेच आहेत."

म्हातारीने हात काढून घेतला, काठी पुन्हा उजवीकडे घेतली, लेकीचा दंड चाचपून धरला, आणि दोघी पुढे चालू लागल्या.